पोत्यावर तुझं तोंड

१० मार्च, पेडगाव

अमृत,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची रीत हाय. मी लिहिला न्हाई. कागद माझ्या पोरीच्या, शिवकन्याच्या वहीतला हाय अन् अक्षर माझं चौथीपर्यंतचं. वाचता आलं न्हाई तर तुझ्या त्या मॅनेजरबाईला वाचायला लाव. तुझा फोन तीच उचलती, पत्रही तीच फोडत असंल. फोडू दे. माझ्यापाशी लपवायसारखं काही न्हाई.

परवा तुमी शूटिंग करून गेलात. काल सकाळपासून मेंढरं पडायलीत. आतापर्यंत चार गेली. पहिली काळतोंडी गेली. डावी कूस फुगून ढोलावानी ताणली, मान टाकून उभी राहिली, करकरा दात खायली अन् दुपारच्या आत आडवी झाली. ढोलावानी लिहिलं कारण दुसरं काही तुला कळंल असं वाटत न्हाई.

कशानं मेली ते तुला सांगावं लागू नये. मेंढरं राखणाराच्या पोटी जन्मलास तू. दोन महिने बाभळीच्या शेंगा अन् लिंबाच्या पाल्यावर जगलेल्या मेंढरापुढं तू मक्याचा भरडा ओतलास. एक न्हाई, तीन पोती. पोतीही कशी, तर पोत्यावर तुझं तोंड छापलेलं. गळ्यात ढोल, डोळे मिटलेले, खाली तुमच्या संस्थेचं नाव, ‘सुरांची ओंजळ’. भरडा किती द्यायचा, कसा द्यायचा, त्याचं एक अक्षर न्हाई. पोत्याला तोंडं दोन झाली, एक बांधायचं अन् एक तुझं. बोलत कोणतंच न्हाई.

अकरा वर्षांनी आलास. बापाच्या दहाव्याला आला न्हाईस, तुझा कुठं कार्यक्रम होता. दुष्काळाला मात्र वेळेवर आलास, तीन गाड्या घेऊन.

त्या केसवाल्याचं नाव मला माहीत न्हाई, जो सगळ्याला हुकूम सोडत होता. दोन दिवसाआड आमच्या वस्तीवर टँकर येतो, तो नेमका तवाच आला. बाया घागरी घेऊन पळाल्या तर हा म्हणतो, “टँकर मागे घ्या, टँकर मागे घ्या! दुष्काळ दिसत नाही!” टँकर अर्धा तास बाभळीमागं उभा. मग धुरपताबाईला म्हणला, आजी, चप्पल काढून चाला. धुरपताबाई ऐंशीची, तिच्या पायाला भेगा अशा की त्यात बोट जाईल. ती म्हणली, “बाबा, मी चप्पल काढली तर पाऊस पडतो का? पडत असंल तर लुगडंही काढते.” तुमची सगळी माणसं हसली. तू पण हसलास. मग ती चप्पल काढून चाललीच. तापल्या फुफाट्यात चार वेळा चालली, कारण तीन वेळा ऊन बरोबर पडलं न्हाई म्हणे.

अन् गाणं कोणाचं? बैलाचं. ‘सर्जा माझा उपाशी, घास उतरेना घशाशी.’ आपल्या घरी बैल कधी होता रे? सर्जा म्हणजे व्यंकटरावाच्या गोठ्यातला, त्याचं शेण आपली आई काढायची. बैलासाठी रडायचं होतं तर व्यंकटरावाच्या रानातल्या आखाड्यावर जायचं. मी तसं विचारलं तर केसवाला म्हणला, बैल पळत नाही हो मावशी, मेंढ्या पळतात, धूळ उडते.

धुळीसाठी माझी मेंढरं पळवली.

तू पोतं ओतायला घेतलंस तवा मी ओरडले, अमृत थांब, दाणा लागंल. तुमचा ढोल चालू होता, कोणाला ऐकू गेलं न्हाई.

तुझे दाजी काल सकाळपासून एकेका मेंढराच्या नरड्यात तेल अन् खायचा सोडा घालायलेत. ते काही बोलत न्हाईत. ते कधीच बोलत न्हाईत, म्हणून मला बोलावं लागतं. बेचाळीस होती. अडतीस राहिली, त्यातली सात-आठ रवंथ करत न्हाईत.

भरपाई पाठवू नको. तू ये. खड्डे खांदायचे हायेत.

कासाबाई


१६ मार्च

अमृत,

अकरा गेली.

तू आला न्हाईस. तुझ्या मॅनेजरबाईचा फोन आला, शिवकन्याच्या मोबाइलवर. आवाज गोड हाय. पेढा खाऊन बोलती का काय.

“ताई, मी राजेश्री. अमृत सरांची मॅनेजर.”

“कोणाची?”

“अमृत सरांची.”

“सर तुझा. मी त्याची शेंबडं पुसलीत.”

मग तिला लय वाईट वाटलं म्हणे, टीमलाही वाईट वाटलं म्हणे. मग हळूच म्हणती, “पण ताई, सध्या तापमान खूप आहे ना. उन्हानेही मेली असतील.”

मी म्हणले, “बाई, उन्हानं मेंढरू मरत असतं तर परभणी जिल्ह्यात मेंढरू औषधाला सापडलं असतं का? इथं उन्हानं फक्त पाहुणे मरतेत.”

पेडगावचा जनावरांचा डॉक्टर आला होता. त्यानं मेलेल्या चांदरी मेंढीचं पोट फाडून दाखवलं. आत भरड्याचं आंबट पीठ, भाकरीच्या शिळ्या पिठाचा येतो तसा वास. तो म्हणला, उपाशी मेंढराला एकदम दाणा दिला की पोटात आंब होते अन् ते रक्तात उतरते. डॉक्टरच्या शाळेत हे शिकवतेत. तुला कोणत्या शाळेत शिकवलं ते आठव, मी आठवून देते.

तू नऊ वर्षांचा होतास. व्यंकटरावाच्या खळ्यावर ज्वारीची रास पडलेली अन् तू कडब्याच्या सावलीला झोपलास. मेंढरं राशीत शिरली. दुसऱ्या दिवशी सहा गेली. बापानं विचारलं, राखणीला कोण होतं? मी म्हणले, मी. त्याच्या हातातली काठी माझ्या पाठीवर मोडली. त्याचं मी तुला कधी काही म्हणले न्हाई, आताही म्हणत न्हाई, पाठ माझी होती. पण त्या दिवसापासून रास दिसली की तू मेंढराच्या पुढं पळायचास, दोन्ही हात पसरून. लोक हसायचे. तवा विसरलो म्हणू नको. तुझ्या हाडात हाय ते.

आता खरं कामाचं लिहिते. वरचं सगळं नुसता राग होता, तो वाचून सोडून दिलास तरी चालंल. हे सोडू नको.

राजेश्रीबाई खुश होऊन सांगायली की तुमचं गाणं तेवीस लाख लोकांनी बघितलं. एकतीस तारखेला परभणीत मोठा कार्यक्रम हाय, तिकीट लावून, अन् तिथंच स्टेजच्या मागून ट्रक भरून भरडा वाटणार हायेत. मेंढरं पाळणाऱ्या घराला तीन-तीन पोती. नंतर पुढच्या गावांना. शिवकन्यानं मोबाइलवर ते गाणं दाखवलं. तू पोतं ओतायलास, मेंढरं तुटून पडायलीत, खाली लिहिलंय, ‘अशीच ओंजळ रिकामी करा.’ सगळ्यात पुढं काळतोंडी पळायली. मी तिला आठ दिवसांमागं पुरलं अन् ती तिथं पळायली. तेवीस लाख लोकांना ती जिती हाय.

ते बघून लोक तसंच करतील, अमृत. आता जाणती माणसं घरी हायेत कुठं? ऊस तोडायला गेली ती अजून आली न्हाईत. मेंढरं सुनांच्या हवाली. त्या पोरींनी खळं बघितलंय का? मळणीचं यंत्र रानात येतं अन् पोती भरून जातं, रास जमिनीवर पडतच न्हाई. आपल्याला जो धडा काठीनं शिकवला, तो त्यांना कोणी शिकवला न्हाई. त्यात ते पोतं शिवलेलं, छापलेलं, वर नामांकित माणसाचं तोंड. त्यांना वाटंल, हे तर औषध. मला तरी काय वाटलं?

म्हणून तू एवढंच कर. स्टेजवरून सांग. पहिल्या दिवशी एका मेंढराला मूठभर, तेही पोटात वाळला चारा गेल्यावर. आठ दिवस तेवढाच. मग दोन मुठी. अन् तेच पोत्यावर छाप. गाण्यात चार कडवी हायेत, एकाही कडव्यात कामाची गोष्ट न्हाई. एक ओळ ही घाल. यमक जुळलं न्हाई तरी मेंढरं तक्रार करणार न्हाईत.

कासाबाई


२३ मार्च

अमृत,

तुझा बोलका मेसेज ऐकला. शिवकन्यानं तीन वेळा लावला. तुझा आवाज बसलाय. मध-आलं चाट, एकतीसला कामाला येईल.

तू म्हणलास, “अक्का, मी लय बेजार हाय. स्टेजवर असं बोललो तर स्पॉन्सर हात झटकतील, अन् मग ट्रकच निघणार न्हाईत. आधी ट्रक निघू दे, मग मी सगळ्यांना सांगतो.”

वा. आधी मेंढरू मरू दे, मग त्याला तेल पाजतो. तुझे दाजी ऐकून पहिल्यांदा बोलले. ते म्हणले, “याला एवढं शहाणं कोणी केलं?”

मी राजेश्रीबाईला फोन लावला. म्हणले, तो बोलत न्हाई तर तुमी पोत्यावर चिठ्ठी तरी चिकटवा. ती म्हणली, “ताई, प्रेक्षकांना भावना पाहिजे असते. मात्रा नको असते.” मी म्हणले, “मेंढराला उलटं असतं.” तिनं ते हसण्यावारी नेलं. नंतर म्हणली, तुमचा स्टेजवर सत्कार ठरलाय, शाल अन् नारळ, त्या गाण्यातली ताई म्हणून लोक तुम्हाला ओळखतात आता.

पण मेसेजच्या शेवटी तू जे म्हणलास त्याचं उत्तर देते. तू म्हणलास, “तू तिथंच उभी होतीस की अक्का. तू का न्हाई थांबवलंस?”

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी ओरडले.

मी ओरडले न्हाई.

राजेश्रीबाईनं मला हिरवं लुगडं दिलं होतं नेसायला. नवं, घडीचं. केसवाला म्हणला, मावशी तुम्ही इथे उभ्या राहा, भावाकडे बघा, आशेने बघा. मी बघितलं. तू पहिलं पोतं ओतलंस तवा मला खळ्यावरची रास आठवली, खोटं सांगत न्हाई. ‘थांब’ तोंडापर्यंत आलं होतं. मग तू मान वळवून सगळ्यांदेखत म्हणलास, “अक्का, धर की जरा.” कॅमेऱ्यासाठी म्हणलास, हे कळत होतं मला. तरी अकरा वर्षांनी अक्का म्हणलास. दुसऱ्या पोत्याचं तोंड मी धरलं. तिसऱ्याचंही.

मेंढरं बघून न्हाई, माणसं बघून मी गप बसले. तीस वर्षं मेंढरांत गेलेली बाई अन् एका नव्या लुगड्यानं येडी झाली. तुला नावं ठेवायला मला तोंड न्हाई, तरी ठेवते, कारण तुझ्यापाशी माइक हाय अन् माझ्यापाशी न्हाई.

बस. एवढंच. याच्यावर गाणं करू नको.

आता जिम्मा दोघांचा हाय. अकरा आपण दोघांनी मारली. बाकीच्यांची मरू द्यायची का न्हाई हे ठरव. तू सांगणार नसशील तर मी सांगते. मी येणार हाय सत्काराला. दाजी म्हणले, “तिथं तुला बोलायला कोण देतंय?” मी म्हणले, नारळ देतेत तर तोंड उघडायलाही दोन मिनिटं देतील.

हिरवं लुगडं नेसणार न्हाई. ते शिवकन्यानं बुजगावण्याला मागितलं, त्यालाही दिलं न्हाई. ट्रंकेत टाकलंय.

कासाबाई


३ एप्रिल

अमृत,

तू स्टेजच्या मागच्या दारानं गाडीत बसून गेलास, त्यामुळं पुढचं तुला मालूम न्हाई. म्हणून लिहायले. अन् माझ्या जागेवरून जे दिसलं ते तुला तुझ्या जागेवरून दिसलं नसंल, तेही लिहिते.

आमाला दुपारी तीनला नेलं अन् सातपर्यंत एका पत्र्याच्या खोलीत बसवलं. कार्यक्रम दुष्काळाचा म्हणून खोलीत पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. अर्ध्या बाटल्या दोन घोट पिऊन टाकलेल्या. धुरपताबाईनं सगळ्या अर्ध्या बाटल्यांतलं पाणी एका घागरीत जमवलं, ती घागर घेऊनच आली होती. एक पोरगा म्हणला, आजी, ते उष्टं आहे. ती म्हणली, “मोठ्या गाणाऱ्याचं उष्टं हाय बाबा, माझा पण गळा गोड होईल.”

पुढं सोफ्यावर साहेब लोक, मागं खुर्च्या, त्याच्यामागं बांबू बांधून आमची माणसं उभी. पागोटीवाली, काठीवाली. पोती मिळणार म्हणून सकाळपासून आलेली. त्यांना कार्यक्रम दिसत न्हवता, मोठ्या पडद्यावर नुसती काळतोंडी पळताना दिसायची. स्टेजवर पांढरा धूर सोडत होते. एक गाणारी बाई आली, तिच्या साडीवर भेगाळलेली जमीन छापलेली. मी असं कापड जन्मात बघितलं न्हाई. जमीन फाटली की लोकाला साडी सुचती. ती दोन गाणी म्हणली अन् दोन्ही वेळा डोळे पुसले, रुमालही त्याच कापडाचा होता.

मग तू आलास. तुझं वाजवणं चांगलं झालं. ते मी नाकारत न्हाई. बाप ऐकत असता तर म्हणला असता, हात बरा बसलाय, डोकं कधी बसंल.

मग तो सूत्रसंचालन करणारा म्हणला, “आणि आता हीच ती माउली!” मला वर ढकललं. शाल टाकली. नारळ दिला. फोटो काढला. तो म्हणला, “ताई, दोन शब्द.” अन् माइक माझ्या तोंडाशी.

मी म्हणले, मी कासाबाई, पेडगावची. माझी अकरा मेंढरं मेली.

तवा तुझ्या शेजारच्या त्या पेटीवाल्यानं, बाजाची न्हाई, ती वायरवाली, हळूच सूर धरला. असा कोकलता सूर, पोरगी सासरी निघाली की व्हिडिओवर लावतेत तसा. मी म्हणले, भरडा खाऊन मेली. समोरच्या पोरांनी मोबाइलचे दिवे लावले अन् हात वर करून डोलायला लागले. मी म्हणले, उपाशी मेंढराला एकदम दाणा घालू नका, मूठभरच द्या. टाळ्या! मी म्हणले, अहो टाळ्या वाजवू नका, ऐका. अजून टाळ्या. तो सूत्रसंचालन करणारा म्हणला, “किती साधे शब्द, किती खोल वेदना!” अन् माइक घ्यायला हात पुढं केला.

अमृत, माझ्या आयुष्यात मी एवढी हैराण कधी झाले न्हाई. मी आग लागली म्हणून बोंबलायले अन् लोक म्हणतेत, काय गळा हाय!

मी तुझ्याकडं बघितलं. आशेनं न्हाई. नुसतं बघितलं.

तू ढोलाच्या मागून उठलास, चार पावलं गेलास अन् त्या पेटीवाल्याच्या दोन्ही हातांवर तुझा हात ठेवलास. सूर तुटला. तो तुझ्याकडं बघायला लागला, तू हात काढला न्हाईस. एवढ्या मोठ्या मैदानात एकदम नुसतं जनरेटर ऐकू यायलं.

मला वाटलं, आता तू माइक घेशील. घेतला न्हाईस. तेवढं धाडस तुझ्यात न्हाई, नसू दे. मी सूत्रसंचालनवाल्याच्या हाताला नारळ दिला, म्हणजे त्याचे हात गुंतले, अन् पुन्हा सांगितलं. बांबूच्या मागच्या माणसांकडं बघून सांगितलं. पोतं मी अन् माझ्या भावानं मिळून ओतलं, तीन पोती, बेचाळीस मेंढरांत. अकरा गेली. ज्यायच्या घरी जाणतं माणूस न्हाई त्यायनं ध्यानात ठेवा. आधी वाळला चारा. मग एका मेंढराला एक मूठ. आठ दिवस तेवढंच. कूस फुगली तर तेल अन् सोडा, अन् डॉक्टरला बोलवा.

कोणी टाळी वाजवली न्हाई. सोफ्यावरून एक जण ओरडला, “गाणं लावा!” मग माइक बंद केला. मी खाली उतरले तवर तू गेला होतास.

आता तुला माहीत नसलेलं.

स्टेजच्या मागं ट्रक उभे होते. मी शाल घडी करून पायरीवर ठेवली अन् निघाले, तर बांबू वाकवून माणसं माझ्यामागं आली. पुढं पिंगळीचा बजरंग. एवढा दांडगा माणूस, हाताचा पंजा सुपाएवढा. तो म्हणला, “बाई, मूठ म्हणजे माझी का तुमची?”

अकरा मेंढरं गेल्यापासून एवढं शहाणं मला कोणी काही विचारलं न्हवतं. मी म्हणले, “माझी. तुझ्या मुठीनं दिलीस तर मेंढराचे हाल अन् पोत्याचेही.” लोक हसले. मग मी ट्रकच्या फळीला टेकून उभी राहिले अन् पोतं घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मूठ दाखवली. एक तरणी पोरगी होती, कडेवर लेकरू, नाव रुपाली. ती मूठ बघून रडायलाच लागली. म्हणली, “मावशी, सासरा अन् मालक ऊसतोडीला हायेत. मी तर घरी गेल्या गेल्या ओतणारच होते. व्हिडिओत तसंच हाय की.”

ती कोणत्या गावची ते विचारायचं राहिलं. पोतं डोक्यावर घेऊन गेली. पोत्यावर तुझं तोंड उलटं दिसत होतं.

काल राजेश्रीबाईचा फोन आला. आवाजातला पेढा संपलाय. म्हणली, ताई तुमी फार नुकसान केलंत. सर आता ‘ओंजळ’मध्ये नाहीत, त्यांनी सोडलं का त्यांना काढलं हे मी सांगू शकत नाही. नवीन पोत्यांवर त्या साडीवाल्या बाईचा फोटो येणार हाय. मी विचारलं, अन् मात्रा? ती म्हणली, डिझाइन फायनल झालंय.

म्हणजे न्हाई.

ट्रक थांबणार न्हाईत. बारा तारखेपासून निघतेत, तिकडं मानवतच्या बाजूची गावं, मग जिंतूरकडं. यादी मी तिच्याकडून काढून घेतली, गावोगाव येऊन तुमचं नुकसान भरून देते म्हणले. साठ गावं हायेत. तुझे दाजी मेंढरं सांभाळतील. शिवकन्या दहावीचा पेपर देऊन मोकळी झाली, ती मोटारसायकल चालवती, तिच्या मागं बसून मी ट्रकच्या पुढं पुढं जाणार हाय. पण अमृत, माझा आवाज दहा माणसांपुढं जात न्हाई, अकराव्याला काठीनं ढोसावं लागतं. साठ गावांत माझा गळा पुरणार न्हाई.

तुझा पुरतो. तू माइकशिवाय ह्या वस्तीवरून त्या वस्तीवर हाका मारायचास. आई म्हणायची, ह्याला जन्माला घातलं का तोफ डागली.

तू आता ‘ओंजळ’मध्ये न्हाईस म्हणजे तुला काम न्हाई. उगं मुंबईत बसून पश्चात्ताप करू नको, तुला तो नीट जमत न्हाई. अकरा तारखेच्या गाडीत बस. ती पेडगावला थांबत न्हाई, परभणीला उतर, शिवकन्या घ्यायला येईल. लोकांना तुझं तोंड ओळखीचं हाय. त्याच तोंडानं गावागावात उभा राहा अन् सांग, मी ओतलं होतं, तुमी ओतू नका. शिव्या खाशील. दोन-चार ठिकाणी मारही खाशील. मी शेजारी उभी असेन, पण ह्या वेळी मधी पडणार न्हाई.

ढोल आणू नको.

कासाबाई